तो अर्धा गुण

दहावीला एकसामयिक समीकरणं शिकवताना मी वर्षानुवर्षं एकच वाक्य ठोकून दिलं, रीत बरोबर तर उत्तर बरोबर. एका मुलीने दोन समीकरणं "विनाकारण" वरखाली करून सोडवली म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला होता. उत्तर बरोबर असूनही! आता तो डाचतो.

वही-पेन्सिल घ्या मंडळी. पहिलं समीकरण: ०.०००१ क्ष + य = १. दुसरं: क्ष + य = २. अट एकच, प्रत्येक पायरीला तीनच सार्थक अंक ठेवायचे. (कॉम्प्युटरही असंच करतो, त्याचे अंक सोळाच्या आसपास असतात इतकंच.) पहिल्याला १०००० ने गुणून दुसऱ्यातून वजा करा. -९९९९ य = -९९९८ येतं. तीन अंकांत दोन्हीकडे -१००००, म्हणून य = १. ते पहिल्यात घाला, क्ष = ०. खरं उत्तर क्ष = १.०००१ च्या जवळपास आहे! आता समीकरणं वरखाली करून तेच करा. य = १, क्ष = १. चूक कुठेच नाही, फक्त त्या चिमुकल्या ०.०००१ ने भागायचं टळलं.

आणखी गंमत म्हणजे चुकीच्या उत्तराचा ताळा पहिल्या समीकरणात चोख जुळतो. दुसऱ्यात मात्र १ = २! आमची मुलं ताळा एकाच समीकरणात करतात आणि आम्हीही चालवून घेतो.

सगळ्याच ठिकाणी अशी वरखाली लागत नाही. शोलेस्की नावाचा फ्रेंच लष्करी अधिकारी जमीनमोजणीची समीकरणं सोडवायचा. १९१८ मध्ये तो युद्धात गेला, त्याची रीत १९२४ ला छापली गेली. तिथे सदिशाच्या लांबीचा वर्ग नेहमी धन असतो, म्हणून काम सरळ होतं. पण मिन्कोव्हस्कीने १९०८ मध्ये अवकाश आणि काळ एकत्र मांडले, त्यात वर्गांची बेरीज नाही, वजाबाकी आहे. (५, ४) चे २५ - १६ = ९. (५, ४.९९) चे ०.०९९९. आणि ४.९९ ऐवजी कुणी ५ धरले तर शून्य! सदिश शून्य नाही आणि लांबी शून्य. तिने भागणार कसं? प्रकाशकिरणाचं अगदी असंच असतं म्हणे.

अशा धन-ऋण मिसळलेल्या सारण्यांसाठी बंच आणि कॉफमन यांनी १९७७ मध्ये पद्धत दिली. एकट्या आकड्याचा भरवसा नसेल तर दोन-दोनची जोडी एकदम घ्यायची आणि जागा बदलायच्या. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने केलं त्याच जातीचं काम.

माझं म्हणणं एवढंच, की पाठ्यपुस्तकात असं एक तरी उदाहरण हवं. मुलं गोंधळतील म्हणणारे शिक्षक भेटतील, मीच त्यातला होतो. पण गोंधळ नववी-दहावीत, तीन अंकांत झालेला बरा. पुढे सोळा अंकांत तो दिसतसुद्धा नाही.

ती मुलगी हे वाचत असेल तर तिने कळवावं. समीकरणं का फिरवली होतीस, हे तेव्हा मी विचारलंच नव्हतं.