शेटजींची उमेदवारी

लोकसभेच्या निवडणुकीचा हंगाम जवळ आला कीं जिल्ह्याच्या गांवीं एक बातमी ठरल्यासारखी येते. ज्यांच्या भोंग्यावर गांव आपलीं घड्याळें लावतो, असे कोणी यशस्वी कारखानदार उमेदवार म्हणून उभे राहणार असतात. मग सत्कार होतात, फलक लागतात, आणि जो तो दुसऱ्यास सांगूं लागतो कीं, "अहो, ज्यानें शून्यांतून एवढें उभें केलें, तो दिल्लीस गेल्यावर काय करणार नाहीं?" हा प्रश्न उत्तरासाठीं विचारलेलाच नसतो. आम्ही मात्र आज त्याचें उत्तर द्यावयाचें योजिलें आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. व्यापार करणारा तेवढ्यानेंच अपात्र ठरतो, असें आमचें म्हणणें नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांत हिंदुस्थानचीं गाऱ्हाणीं मांडणारे दादाभाई नौरोजी मूळचे प्राध्यापक खरे. पण १८५५ सालीं ते विलायतेस गेले ते कामा मंडळीच्या पेढीचे भागीदार म्हणूनच. अफू व दारू यांच्या व्यापारांतला नफा आपणांस नको, असें म्हणून त्यांनीं ती पेढी सोडली; पुढें स्वतःची पेढी काढली; आणि १८९२ सालीं लंडनच्या फिन्सबरी भागांतून ते निवडून आले. नफा आणि कर्तव्य यांची गांठ पडली असतां हा गृहस्थ कोणती बाजू घेतो, हें निवडणुकीच्या कितीतरी आधीं सिद्ध झालें होतें. आमच्या शेटजींनाही आम्ही हाच एक प्रश्न विचारतों: आपण आजवर असा कोणता नफा सोडला आहे?

स्तुतिपाठकांचा पहिला मुद्दा असा कीं, ज्याला धंदा चालवितां येतो त्याला देशही चालवितां येईल. कारखान्यांत मालकाचा शब्द अखेरचा असतो. तोट्यांतलें खातें त्याला बंद करतां येतें, नको असलेला माणूस दूर करतां येतो, आणि कोणी कारण विचारलें तर हिशेबाची वही पुढें करतां येते. राज्याला तोट्यांतला तालुका बंद करतां येत नाहीं. ज्याच्या हातून एका पैचेंही उत्पन्न होत नाहीं अशा म्हाताऱ्याचें नांव पटावरून खोडतां येत नाहीं. शिवाय लोकसभेचा सभासद कांहीं चालवीत नसतो. ५४३ समानांमध्यें बसून तो बोलतो, ऐकतो, विधेयकाचीं कलमें तपासतो आणि मत देतो. हुकूम सोडण्याची सवय हें या कामाचें शिक्षण नव्हे. मतदारांना हा भेद कळतो. १९७१ सालीं दक्षिण मुंबईंतून नवल टाटा अपक्ष म्हणून उभे राहिले; २०१४ सालीं दक्षिण बंगळूरमधून इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन निलेकणी काँग्रेसतर्फे उभे राहिले. दोघेही पडले. पराभव हा नालायकीचा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण उद्योगाला केलेला मुजरा आणि दिलेलें मत या दोन वेगळ्या वस्तु आहेत, एवढें त्यावरून खास दिसतें.

दुसरा मुद्दा असा कीं, शेटजींचें पोट भरलेलें आहे, त्यांना खाण्याची गरज काय? विजय मल्ल्या हे कर्नाटकांतून २००२ व २०१० असे दोन वेळां राज्यसभेवर गेले. सभासद असतांनाच त्यांची विमानकंपनी २००५ मध्यें सुरू झाली. २०१२ च्या ऑक्टोबरांत तिचीं विमानें जमिनीवर आलीं तीं पुन्हां उडालीं नाहींत. बँकांचे हजारों कोटी रुपये आणि नोकरांचे पगार थकले. मार्च २०१६ मध्यें ते देशाबाहेर गेले तेव्हांही ते सभासदच होते. त्यांना काय कमी होतें? प्रश्न भुकेचा नाहीं, हितसंबंधाचा आहे. आयातीवरील जकात, वस्तु व सेवा कराचे दर, कामगारांचे कायदे, सरकारी बँकांचीं कर्जें, या प्रत्येक बाबतींत शेटजींचें मत मोजलें जाणार आणि प्रत्येक बाबतींत त्यांचें खातेंही गुंतलेलें असणार. सरकारशीं चालू कंत्राट असणाऱ्यास १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा अपात्र ठरवितो. पण कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनें वेगळी व्यक्ति असल्यामुळें तिचा धनी त्या कलमांतून बहुधा निसटतो.

तिसरा मुद्दा सर्वांत भावनेचा आणि म्हणूनच सर्वांत घातुक: "शेटजींनीं हजारों घरांना अन्न दिलें." अन्न दिलें नाहीं, केलेल्या कामाचा मोबदला दिला. मजुरीला उपकार म्हटलें कीं मत ही तिची परतफेड ठरते, आणि येथेंच खरा धोका आहे. मत गुप्त असतें, असें कायदा सांगतो. पण मोजणी केंद्रवार होते आणि तिचे आंकडेही केंद्रवार प्रसिद्ध होतात. कागदी मतपत्रिकांच्या काळीं अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकींत सर्वत्र मतदानयंत्रें आलीं आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांचीं मतें एकत्र मोजणारें साधन वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ सालीं सुचविलें. विधि आयोगानें २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालांत त्यास दुजोरा दिला. तरी तें अंमलांत आलेलें नाहीं. म्हणजे कारखान्याची चाळ ज्या केंद्रांत येते तेथें शेटजींना किती मतें कमी पडलीं, हें निकालाबरोबरच शेटजींच्या हातीं येणार. कोणीं दिलें नाहीं हें कळण्याची जरुरीच नाहीं. संशयाला नांवें लागत नाहींत. ज्या हंगामी कामगाराची नेमणूक दर कांहीं महिन्यांनीं नवी करावी लागते, त्यानें ही गोष्ट ओळखूनच मतदानाच्या खोलींत पाऊल टाकावयाचें! मतदानाच्या दिवशीं त्याला भरपगारी सुटी द्यावी, असें कायदा मालकास सांगतो. पण सुटी देणारा आणि मत मागणारा एकच असला, तर ती सुटी कसली?

कोणी म्हणेल, वकिलाला, कामगारपुढाऱ्याला, मोठ्या बागाइतदाराला हितसंबंध नसतात काय? असतात, आणि त्यांनाही आमचे हेच प्रश्न लागू आहेत. मात्र वकील आपल्या पक्षकाराचा पगार रोखूं शकत नाहीं, आणि पुढारी आवडला नाहीं तर कामगार दुसरी संघटना धरतो. मालक बदलणें तितकें सोपें नसतें.

तेव्हां शेटजींनीं उभें राहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं अर्ज भरण्यापूर्वीं कारखान्याचा कारभार सोडावा. कारखान्याच्या गाड्या, अतिथिगृह आणि पगारी नोकर प्रचारास लावूं नयेत. मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे, आणि फुकट दिसणारी प्रत्येक मोटार त्या हिशेबांत धरावी. प्रतिज्ञापत्रांत मालमत्ता व देणें लिहावेंच लागतें. त्याबरोबर सरकारकडून कारखान्यास काय मिळतें, हेंही त्यांनीं लोकांपुढें मांडावें. आणि कामगारांच्या चाळींत मत मागण्यास मुकादमाला धाडूं नये. कारण मुकादमाच्या हातीं हजेरीपुस्तक असतें.

एवढें जे करतील त्यांचें आम्ही मनापासून स्वागत करूं. जे करणार नाहींत, त्यांच्या सत्कारास जाणाऱ्या मतदार बंधुभगिनींस आमची एकच विनंति आहे. हार अवश्य घाला, कारण गांवांत कारखाना चालविणें हें सोपें काम नाहीं. पण मत देतांना, तो भोंगा ज्यांना उठवितो त्यांच्या बाजूनें दिल्लींत कोण बोलेल, याचा विचार करा.