गैरसमजाचा मुहूर्त

जोगेश्वरीच्या भूखंडाचे प्रकरण अखेर ‘गैरसमज’ निघाले. मुंबई महापालिकेने अपुऱ्या माहितीवर आणि गैरसमजातून तक्रार दिली, असे सांगत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने खासदार रवींद्र वायकर यांच्यावरील गुन्ह्याची फाइल बंद करण्यासाठी न्यायालयात अहवाल दिला. गुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये नोंदला गेला. जानेवारी २०२४ मध्ये ‘ईडी’चे छापे पडले. मार्चमध्ये वायकर ठाकरे गट सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, ४ जूनला लोकसभेवर ४८ मतांनी निवडून आले आणि जुलै उजाडतो न उजाडतो तोच पालिकेचा गैरसमज पोलिसांच्या ध्यानात आला. यात ज्याला योगायोग दिसतो, त्याच्या भाबडेपणाला नमस्कार.

गुन्हा नोंदवला तेव्हा आणि तो गुंडाळला तेव्हाही सरकार एकच होते, गृहखातेही त्याच हाती होते. मग बदलले काय? खेळाच्या मैदानासाठी राखीव जागेवर हॉटेलची परवानगी घेताना माहिती दडवली, हा आरोप ज्या कागदांवर उभा होता त्यातला एकही बदलला नाही. झेंडा बदलला. शिवाय मूळ गुन्हाच मिटला की त्यावर बेतलेली ‘ईडी’ची कारवाईही टिकत नाही. म्हणजे एका गैरसमजात दोन तपासांची सोय.

सत्तेने निलाजरे वागावे हे नवे नाही. अधिक चीड येते ती त्यावर माना डोलावणाऱ्यांची. मुलुंडच्या किरीट सोमय्यांनी हे प्रकरण लावून धरले तेव्हा टाळ्या वाजवणारे भाजपचे कार्यकर्ते मे महिन्यात जोगेश्वरी-गोरेगावात याच वायकरांसाठी दारोदार फिरले. जानेवारीत छाप्यांना सूडबुद्धी म्हणणाऱ्या ठाकरे गटाला मार्चनंतर तेच आरोप गंभीर वाटू लागले. तुरुंग की पक्षांतर एवढेच पर्याय आपल्यापुढे होते, असे वायकर ऐन प्रचारात बोलून गेले आणि नंतर विपर्यास झाल्याचे सांगून मोकळे झाले. पण दोन्हीकडच्या निष्ठावंतांना या विधानाचा अर्थ लावण्याची गरजच पडली नाही. आपला माणूस खुर्चीत असला की पोलीस निष्पक्ष, नसला की विकले गेलेले. सरकारवरचा विश्वास एवढ्यावर ठरत असेल तर तपास हवेतच कशाला?

प्रशासनानेही हा धडा गिरवला आहे. २०२३ मध्ये महापालिकेने मतदारसंघांतील कामांसाठी निधी वाटला. मुंबईतील ३६ आमदारांपैकी सत्ताधारी २१ जणांकडे पाचशे कोटी वळले, विरोधी १५ जणांना छदाम मिळाला नाही. अखंड शिवसेनेकडे स्थायी समिती असताना निधीवाटपात आपपरभाव होतो म्हणून भाजपच ओरडत असे, हेही येथे आठवावे. मालमत्ता कराचे बिल मात्र दहिसर असो वा विक्रोळी, पक्ष विचारून येत नाही.

आणि घाटकोपर? १३ मे २०२४ रोजी छेडानगरचा तो अगडबंब फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ जीव गेले. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचा सांगाडा उभा राहिलाच कसा, हा साधा प्रश्न होता. ढिगारा उपसून होण्याआधीच जाहिरात कंपनीच्या मालकाचा कोणत्या नेत्यासोबत फोटो आहे, याची शोधाशोध सुरू झाली. मतदान आठवड्यावर होते ना! रेल्वे पोलिसांची जागा, पालिकेची नोटीस, परवानगीवरची सही हे सारे त्या फोटोंखाली गाडले गेले, आणि आपापल्या पक्षाचा फोटो पसरवणाऱ्यांत उपनगरातले सुशिक्षित लोकही मागे नव्हते.

जुलै २०२४ मध्ये वायकर प्रकरणाचा अहवाल दाखल झाला तेव्हा न्यायालयाने तो लगेच स्वीकारलेला नव्हता. पालिकेने तेव्हा निदान एवढे सांगायला हवे होते : तक्रार कोणत्या अधिकाऱ्याने दिली, त्याचा गैरसमज नेमका कशाबद्दल होता आणि तेव्हा आमदार असलेल्या वायकरांवर खोटा ठपका ठेवल्याबद्दल त्याच्यावर कोणती कारवाई झाली? पालिकेचे सभागृह असते तर एखाद्या नगरसेवकाने हे विचारले असते. मार्च २०२२ पासून तेव्हा तेही नव्हते.