पात्याची पारख

चाकूंच्या संग्राहकाची नजर बहुतेक ठिकाणी प्रथम मुठीवर जाते, कारण शिंगाची, हस्तिदंती किंवा नक्षीदार मूठ लगेच डोळ्यांत भरते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात मात्र ती आधी पोलादाकडे वळावी, अशी परिस्थिती आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर येथे जे कारखाने वाढले, त्यांच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे व डाय घडवणाऱ्या विभागांत, पोलादाच्या जाती नावानिशी हाताळल्या जातात. सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असलेले 'ईएन-३१' हे बेअरिंगचे पोलाद किंवा सुमारे १२ टक्के क्रोमियमचे 'डी-टू' हे डायचे पोलाद ही नावे येथे चहाच्या टपरीवरही कोणाला परकी वाटत नाहीत.

असे असूनही नवशिक्याला भुरळ पडते ती चमकेचीच, आणि चमकेनंतर 'दमास्कस' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाटांच्या नक्षीची. दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केले, त्यांच्या घड्या घातल्या आणि तयार पाते आम्लात बुडवले, की दोन्ही पोलादांवर आम्लाचा परिणाम वेगवेगळा होऊन ही नक्षी उमटते. दख्खनच्या जुन्या तलवारींतील पाणीदार पोलाद मात्र मुशीत वितळवून केलेले असल्यामुळे त्याची नक्षी थरांची नसून धातू थिजताना आतच घडलेली असते. बाजारात याखेरीज तिसराही प्रकार मिळतो, ज्यात साध्या पात्यावर लेझरने रेघा कोरलेल्या असतात. खरे थर पात्याच्या पाठीवरही, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या जाड कडेवरही, चालू राहतात आणि कोरलेल्या रेघा बहुधा पृष्ठभागावरच संपतात, एवढे कळले तरी खरेदीचा निम्मा मोह ओसरतो.

याहून सूक्ष्म खूण टोकाजवळ सापडते. पोलाद तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड करण्याला लोहार 'पाणी देणे' म्हणतात, आणि त्यामुळे आलेला कडकपणा नंतर ग्राइंडरवर घाई केल्यास जाऊ शकतो; जेथे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते तेथे धातूवर निळसर झाक चढते, ती बफिंगने पुसली गेली तरी ईएन-३१ सारख्या पोलादाची धार तेवढ्या भागात नरम पडलेली असते. मुठीजवळच्या, धार नसलेल्या भागावर बारीक कानस हलकेच फिरवली असता ती घसरली तर पोलाद कडक आणि चावली तर नरम, ही टूलरूममधली जुनी चाचणी चाकूलाही लागू पडते, मात्र दुकानदारासमोर ती न केलेली बरी.

येथील रुचीचा दोषही याच ज्ञानातून उपजतो. कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ६२ हा आकडा ५८ पेक्षा श्रेष्ठ, असे मानणारा संग्राहक हे विसरतो की अतिकडक पाते धार टिकवते पण आघाताने चटकन उडते. लाकूड तोडणारा कोयता ट्रकच्या पाट्यापासून, म्हणजे सुमारे ०.६ टक्के कार्बनच्या स्प्रिंग पोलादापासून, घडवतात तो त्याने वाकून सावरावे, तुटू नये म्हणूनच. रस्त्याकडेच्या घिसाड्याला आकडा सांगता येत नाही, पण तापलेल्या पाट्याचा रंग पाहून पाणी केव्हा द्यायचे ते त्याला नेमके कळते, आणि या समजेला संग्रहात जागा न देणारी अभिरुची अपुरी म्हणावी लागेल.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी, ज्यांनी 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहिल्या, नित्य वापराच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर जमवल्या आणि संग्रहालयाला अकाली वारलेल्या मुलाचे नाव दिले. सुपारी कातरणाऱ्या या हत्याराची गुणवत्ता पात्याइतकीच दोन्ही दांड्या जोडणाऱ्या खिळ्यावर अवलंबून असते, कारण तो सैल झाला की पाते बाजूला सरकते आणि सुपारी चुरते. नक्षी कितीही देखणी असली तरी ही उणीव झाकत नाही.

कोयत्याला गुन्हेगारीच्या बातम्यांनी जो दुर्लौकिक आणला आहे, तो पाहता संग्राहकाला कायदाही माहीत असावा लागतो. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी नसलेली, ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रविषयक नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडते, आणि एखादी वस्तू कोणत्या वापरासाठी घडली हे दाखवणारा पुरावा तिच्या मालकाकडे असेल तर सोयीचे ठरते. घिसाड्याच्या कोयत्यावर नाममुद्रा नसल्याने तो कोणत्या बाजारात घेतला, पाटा कोणत्या गाडीचा होता, पाणी तेलात दिले की पाण्यात आणि दांडा बाभळीचा की सागाचा, हे विकत घेतल्याच्या दिवशीच वहीत उतरवून ठेवावे लागते. परदेशी कंपनीच्या चाकूसोबत हे सारे छापील कागदावर मिळते, म्हणून तो जमवणे सोपे जाते.