पिनबॉल, फ्लॅशर आणि 'सुधारणे'चा सोस

जुन्या कृतीची दुरुस्ती करणे आणि जुनी कृती सुधारणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. हस्तलिखिताच्या संदर्भात हा भेद विद्यार्थ्यांना चटकन पटतो. यंत्राचा प्रश्न आला की मात्र विद्यार्थीच काय, आपणही तो विसरतो. प्रस्तुत लेख या विस्मरणाविरुद्ध आहे आणि त्याला निमित्त झाले आहे ते एका पिनबॉल यंत्रातल्या बल्बांचे.

गेल्या उन्हाळी सुटीत शिकागोजवळ भाच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. शिकागो ही पिनबॉलची राजधानी. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या कंपन्या तिथल्याच. भाच्याच्या तळघरात विल्यम्सचे 1989 सालचे 'ब्लॅक नाइट 2000' हे यंत्र आहे. ज्यांनी पिनबॉल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर काचेखाली एक उतरता, रंगवलेला लाकडी पट असतो, त्यावर पोलादी गोळी धावते आणि ती खाली निसटू नये म्हणून बाजूच्या बटणांनी 'फ्लिपर' नावाच्या छोट्या फळ्या हलवायच्या असतात. पटाखालचे व चित्रकाचेमागचे अनेक लहान दिवे खेळभर तेवत वा उघडझाप करत राहतात. फ्लॅशर मात्र निराळे. हे साधारण तेरा व्होल्टचे टपोरे बल्ब एरवी विझलेले असतात. खेळात काही महत्त्वाचे घडले की सेकंदाच्या लहानशा अंशापुरते भडकतात आणि विझतात.

पहिला आठवडा मी हे यंत्र जुन्या बल्बांसह पाहिले. दुसऱ्या शनिवारी भाच्याने सगळे फ्लॅशर काढून तिथे एलईडी बसवले आणि अभिमानाने म्हणाला, "मामा, आता बघ, कसं लख्ख दिसतंय!" लख्ख दिसत होते, यात वाद नाही. वाद आहे तो लख्ख दिसणे म्हणजे चांगले दिसणे, या गृहीतकाशी.

बल्बमधील तंतू तापून उजळतो आणि निवून विझतो. वीज तुटली तरी तो तत्क्षणी काळा होत नाही. पिवळसर पांढऱ्यापासून नारिंगी, मग तांबूस, असा उतरत जातो. एलईडीला हा उतार नाही. तो असतो किंवा नसतो. म्हणजे बदलली ती केवळ प्रकाशाची मात्रा नव्हे, तर प्रत्येक लखलखाटाचा शेवट. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे मांडली, त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर भडका हा विरोध होता आणि ओसरण्यात समतोल होता. आता विरोधापाठोपाठ विरोध येतो. अर्ध्या तासाने डोळे शिणतात, आणि का शिणतात हे खेळणाऱ्याला सांगता येत नाही.

या बदलाच्या समर्थनार्थ सहसा दोन कारणे पुढे केली जातात: उष्णता आणि विजेची बचत. दोन्ही कारणे खरी आहेत. पण ती या दिव्यांची नाहीत. चित्रकाचेमागे तासन्‌तास जळणाऱ्या बल्बांच्या उष्णतेने काचेवरचा रंग सुटतो, प्लॅस्टिकचे भाग वाकतात. तिथे एलईडी बसवणे हे जतनाचेच काम आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. फ्लॅशर मात्र क्षणभरच पेटतो. त्याची एरवी उष्णता किती आणि वीज किती? जिथे कारण सर्वांत लंगडे तिथेच हानी सर्वांत मोठी, अशी ही गंमत आहे. शेजारच्या दिव्यांकडून युक्तिवाद उसना आणायचा आणि आपली हौस भागवायची, यालाच मी सोस म्हणतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो भाच्यानेच घेतला. तंतूचा संथपणा रचनाकारांनाही नको होता, असे त्याचे म्हणणे. पुरावाही त्याच्याकडे होता. या काळातील विल्यम्सच्या अनेक यंत्रांत फ्लॅशरच्या जोडीला एक रेझिस्टर असतो. त्यातून सतत किंचित प्रवाह वाहतो, त्यामुळे दिसेल इतका प्रकाश न पडता तंतू कोमट राहतो, आणि हुकूम येताच तो चटकन भडकतो. मग एलईडी म्हणजे रचनाकारांच्या मनातलीच गोष्ट नव्हे काय?

नव्हे. रचनाकार कशाशी झगडत होता हे ठाऊक असणे आणि त्या झगड्यातून काय निर्माण झाले हे ठाऊक असणे यांत अंतर आहे. कवी वृत्ताशी झगडतो म्हणून संपादकाने त्याच्या कवितेतून वृत्त काढून टाकावे काय? शिवाय तो रेझिस्टर उजळण्याची दिरंगाई कमी करतो. विझण्याचा उतार तो पुसत नाही. संगीताच्या कोणत्या ठोक्याला कोणता दिवा किती काळ पेटवायचा, हे हातातला बल्ब डोळ्यांसमोर ठेवूनच ठरले. उलट एलईडी बसवताच तोच कोमट प्रवाह त्याला मंद पेटता ठेवतो. त्यामुळे रेझिस्टरची एक तार तोडावी लागते. नवा पाठ बसावा म्हणून जुन्या संहितेतली ओळ खोडायची, असाच हा प्रकार.

इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. 1919 ते 1966 एवढ्या दीर्घ काळात सिद्ध झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी जे पाठ स्वीकारले नाहीत, तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. निर्णय घेतला, पण नाकारलेल्याचा मागमूस पुसला नाही. हौशी यंत्रदुरुस्तकाकडून मी याहून अधिक मागत नाही. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याने त्यात काय बसवावे हे सांगणारा मी कोण? पण तोडलेली तार पुन्हा जोडता येईल अशी ठेवावी, काढलेले बल्ब यंत्राच्याच पेटीत ठेवावेत, काय बदलले याची चिठ्ठी आत चिकटवावी. आणि मुख्य म्हणजे यंत्र विकताना वा दाखवताना त्याला 'मूळ स्थितीत आणलेले' म्हणू नये. ते नव्या संपादकाचे यंत्र आहे. तसे म्हणण्यात लाज काहीच नाही. न म्हणण्यात आहे.

ही यंत्रे घडवणारा कारखानाही आता उरलेला नाही. विल्यम्सने 1999 साली पिनबॉलची निर्मिती थांबवली. जी यंत्रे शिल्लक आहेत ती अशाच तळघरांतून आहेत, आणि प्रत्येक तळघरात एकेक संपादक बसला आहे. आणखी वीस वर्षांनी कोणी विचारले की ही यंत्रे मुळात कशी दिसत, तर उत्तर यंत्रांतच सापडायला हवे. माझ्यासारख्याच्या आठवणीवर भिस्त ठेवण्याची वेळ येऊ नये.

भाच्याने एलईडी काढले नाहीत. मात्र माझ्या निघण्याच्या आदल्या रात्री त्याने जुने बल्ब बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात कापसात बांधले, डब्यावर तारीख घातली आणि तो यंत्राच्या तळाशी ठेवला. पाठभेद नोंदवला गेला. मतभेद कायम आहे.