भिंत गावाची, चित्र कोणाचं?

भंडारा जिल्ह्यात भिंती रंगवून पोट भरता येतं. हे मी विचार करून लिहितो आहे. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या मुलामुलींचे आईवडील या सदराला वारंवार एकच प्रश्न विचारतात: चित्रकलेवर घर चालतं का? चालतं, पण फक्त हात चांगला असून भागत नाही. हातात कागदही लागतो, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच वाण आहे.

आधी काम कुठे आहे ते सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ आता नव्या राहिलेल्या नाहीत. पाढे, नकाशा, बाराखडी, मानवी शरीर, पाण्याचं चक्र हे सगळं भिंतीवर येतं. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धा आल्यापासून मुख्याध्यापक पेंटरच्या शोधात असतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या नगरपरिषदा आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर या नगरपंचायती स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांसाठी दरवर्षी भिंती रंगवून घेतात. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानाची त्यात भर पडली. शिवाय अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं, महामार्गावरचे ढाबे, मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग आहेतच. पाऊस ओसरला की काम सुरू होतं आणि मार्च एंडिंगपर्यंत उसंत नसते.

आणि हातही आहेत. फ्लेक्स आला तेव्हा दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांची नावं रंगवणाऱ्या पेंटरांचा धंदा दोन-चार वर्षांत बसला. ज्यांना अक्षराची वळणं डोळे मिटून येत होती, त्यांतले काही घरांना रंग मारू लागले, तर काहींनी ब्रशच ठेवून दिला. पण मोठ्या मापावर काम करण्याची विद्या आपल्या भागात कधी संपली नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे आठवा: राजवाडा, जंगल, रस्ता, पाटलाचा वाडा. मंडईच्या रात्री शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल असं चित्र काढणं ही साधी गोष्ट नाही. भित्तिचित्राचा पहिला धडा तोच आहे. लांबून बघणाऱ्याचा विचार करून रेघ ओढायची असते. शहरातल्या कला महाविद्यालयात हे शिकायला विद्यार्थ्याला वेळ लागतो. आपल्याकडच्या मुलाने ते लहानपणी चटईवर बसून पाहिलेलं असतं.

मग अडतं कुठे? अडतं बिलात.

सरकारी भिंतीचं काम बहुतेक वेळा ठेकेदाराला मिळतं. अंदाजपत्रकात त्याची नोंद ‘रंगकाम’ अशी असते आणि दर चौरस फुटाचा. हा दर सपाट रंगाचा, म्हणजे रोलर फिरवण्याचा. त्याच ओळीत वैनगंगेचं पात्र, नावेतला ढिवर आणि काठावरचं पवनी कोंबायचं असतं. एक हिशेब करून बघा. चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे चारशे चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन दोन हातांत लिटरला पन्नास-साठ चौरस फूट जातो, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला सात-आठ लिटर. त्याआधी भिंत घासणं, लोणा लागला असेल तर तो खरवडणं, भेगा बुजवणं, प्रायमर. मग चौकटी आखून चित्र भिंतीवर चढवणं आणि मग रंगवणं. दोघांचा आठवडा सहज जातो. यातलं भिंतीची तयारी आणि रंग एवढंच ठेकेदाराच्या दरात बसतं. चित्र फुकट गेलेलं असतं, आणि ज्याने ते काढलं त्याच्या लक्षातही येत नाही, कारण त्याला ‘फुटाप्रमाणे’ पैसे मिळालेले असतात.

म्हणून नवीन मुलांना पहिली गोष्ट सांगतो: दरपत्रक तीन ओळींत द्या. भिंतीची तयारी आणि साहित्य, परांची आणि मदतनीस, आणि तिसरी ओळ चित्राची रचना व रंगवण्याचं मानधन. तिसऱ्या ओळीत घासाघीस झाली तर चित्र लहान करा, रंग कमी करा, पण ती ओळ खोडू देऊ नका. कच्चं रेखाटन फुकट देऊ नका. काम सुरू होण्याआधी साहित्याचे पैसे घ्या. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. बँक खातं आणि पॅन असलं की छोट्या कामांसाठी ग्रामपंचायत थेट तुमच्याकडून दरपत्रक घेऊ शकते, मधला माणूस लागत नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून मुलं घाबरून ठेकेदाराच्या मागे उभी राहतात.

दुसरा कागद याहून मोलाचा आहे आणि त्याची हकिगत दिल्लीची आहे. अमरनाथ सहगल नावाच्या शिल्पकाराला १९५७ साली सरकारने विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प करायला सांगितलं. ते १९६२ मध्ये पूर्ण झालं. शेतकरी, कारागीर, बाया, जत्रा असं खेड्यातलं जगणं त्यात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते भिंतीवरून उतरवलं, तुकडे गोदामात टाकले. सहगलांना कोणी विचारलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली, अखेर न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला: शिल्पाचे अवशेष कलाकाराला परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. मालकी सरकारची होती, पैसे सरकारने मोजले होते, तरी कलाकाराचा आपल्या कामाशी असलेला संबंध तुटत नाही, असं न्यायालयाने मानलं. त्याला आधार होता कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा. हे काम माझं आहे असं सांगण्याचा आणि त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा कलाकाराचा हक्क या कलमात आहे. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तो हक्क उरतो.

पण त्याच कायद्याचं कलम १७ वाचायला विसरू नका. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट पहिल्यापासून पैसे देणाऱ्याचा होतो. म्हणजे तुमच्या भिंतीवरचा सारस उद्या कॅलेंडरवर, टी-शर्टवर, दुसऱ्या गावच्या भिंतीवर आला, तर हरकत घेण्याची जागा फार थोडी उरते. आणि २०१९ मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने, राज रेवल यांनी आरेखन केलेल्या प्रगती मैदानावरच्या इमारतीच्या प्रकरणात, मालकाला वास्तू पाडण्याचा अधिकार आहे असं म्हटलं. तेव्हा नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नाही. कामाच्या आदेशात तीन वाक्यं मागून घ्या. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रावर चित्रकाराचं नाव आणि वर्ष राहील. चित्र पुसायचं झाल्यास आधी कळवलं जाईल. यासाठी वकील लागत नाही, साध्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या पुरतात.

नावाचा मुद्दा मला जिवाजवळचा वाटतो, त्यामुळे थोडं थांबतो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. खांबावर मुचलिंद नाग ज्याने कोरला, तो माणूस कोण हे आपल्याला माहीत नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता वाकाटकांचा मंत्री वराहदेव होता, हे शिलालेखामुळे समजतं. चित्रकार अनामच राहिले. त्या काळी तसं होतं. आज मात्र वॉर्डाच्या भिंतीवर नगरसेवकाचं नाव, योजनेचं नाव आणि अभियानाचं बोधचिन्ह असतं, आणि चित्र काढणाऱ्या पोरीचं नाव घालायला ‘जागा नाही’ असं उत्तर मिळतं. हे मला मान्य नाही. पुढचं काम नावावरूनच येतं, त्यामुळे ते पुसलं तर ती पुढची भिंत तिच्या हातून जाते.

नावाने काय घडतं याची दोन उदाहरणं आपल्यासमोर आहेत. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणं हे वारल्यांमध्ये सुवासिनींचं काम. म्हसे यांनी ती रेघ कागदावर, कापडावर आणली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्राला कलाकाराचं नाव असू शकतं हे देशाला पहिल्यांदा समजलं. दुसरे आपल्या शेजारचे. बालाघाटच्या पलीकडे मंडला, त्यापलीकडे दिंडोरी, तिथल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम. झोपडीच्या भिंतीवरचं त्यांचं चित्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. स्वामिनाथन यांच्या चमूच्या नजरेस पडलं आणि त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणलं गेलं. १९८९ मध्ये ते पॅरिसच्या प्रदर्शनात होते, पुढे मध्य प्रदेशाच्या नव्या विधान भवनाच्या भिंतीही त्यांनी रंगवल्या. आज गोंड चित्रशैली म्हणून जी ओळखली जाते, तिच्या मुळाशी हा एक माणूस आहे. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात कामावर असताना त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तिथल्या कराराच्या अटींवरून नंतर देशातल्या कलाकारांनी तीव्र प्रश्न विचारले. एवढ्या मोठ्या कलाकाराबाबतही कागदावर काय लिहिलं होतं, असं विचारायची वेळ आली, हे नव्या मुलांनी ध्यानात ठेवावं.

आता चित्राबद्दल, कारण सगळं कागदावरच राहिलं तर उपयोग काय. आपल्या जिल्ह्यातल्या भिंती पाहिल्या की वारली आकृत्याच आकृत्या दिसतात. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, झाला माणूस. सोपं पडतं म्हणून ते काढतात. वारली समाज राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्यांच्या देवाधर्माची रेघ आपल्या सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर भरतीला घालणं हा त्यांचाही मान नाही आणि आपलाही नाही. आपल्याकडे काढायला काय कमी आहे? चिखलात ओळीने वाकलेल्या रोवणीच्या बाया. कोहळ्यांनी बांधलेले मामा तलाव आणि गावोगावच्या बोड्या. दंडारीतला नाच. आंधळगावचा कोसा. भंडाऱ्याचं पितळ, ठोक्यांच्या खुणांसकट. तुमसरच्या बाजारात धानाचे ढीग. चिखल्याची मँगनीजची खाण. दिवाळीच्या आधी छुईने पोतारलेल्या भिंतीवर गेरूची किनार ओढणारी आजी ही या जिल्ह्याची सगळ्यात जुनी भित्तिचित्रकार, तिला कोणी विचारतसुद्धा नाही. तिच्याकडे बसा. मोबाइलवरून उतरवलेलं फुलपाखरू कोणालाही काढता येतं, आणि म्हणून त्याला भाव नाही. आपल्या गावचं चित्र आपल्याइतकं दुसरा कोणी काढू शकत नाही, आणि गिऱ्हाईक त्याच्याच शोधात येतं.

कामाच्या पद्धतीविषयी एवढंच सांगतो. आपला पाऊस दणकून पडतो आणि ऊन चाळिशीच्या वर जातं. बाहेरच्या भिंतीवर डिस्टेंपर मारू नका, पहिल्या पावसात निघून येतो. पाया ओला असलेली भिंत कितीही मोठी असली तरी घेऊ नका. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये काम पहाटे किंवा भिंत सावलीत आल्यावर. पूर्ण झालेल्या प्रत्येक भिंतीचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, कारण भिंत पाच वर्षांत पुसली जाईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला तेवढंच उरेल. मुलींच्या घरच्यांनी परांचीला घाबरू नये. ती नीट बांधलेली आहे का ते जरूर बघावं, आणि मग मुलीला चढू द्यावं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी राहत होती तेव्हा होमी भाभांनी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी वापरण्याची परवानगी मिळवली. त्यांनी भित्तिचित्रासाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि त्यातून एम. एफ. हुसेन यांची निवड झाली. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून मोठा झालेला चित्रकार. ते चित्र आजही तिथल्या दालनात आहे. अणुविज्ञानाच्या संस्थेला जे जमलं ते नगरपरिषदेला का जमू नये? एक टक्का नसेल तर अर्धा द्या. पण भंडाऱ्यात यापुढे जी सार्वजनिक इमारत उभी राहील, तिच्या अंदाजपत्रकात चित्राची वेगळी ओळ असावी आणि ती ‘रंगकामा’त मिसळलेली नसावी.

येत्या हंगामासाठी नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, सरपंच आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे. भिंत देताना स्थानिक चित्रकाराकडून थेट दरपत्रक मागवा, मानधनाची ओळ वेगळी ठेवा, आणि आदेशात लिहा की उजव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव व वर्ष राहील. याला जादा निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही. पहिला आदेश ज्या ग्रामपंचायतीचा निघेल, तिने तो या सदराकडे जरूर पाठवावा. मी तो जसाच्या तसा छापेन, म्हणजे बाकीच्यांना नमुना शोधत बसावं लागणार नाही.