पहिल्या पाणतीरनौकेची अखेर

इंग्लंडच्या आरमारांत स्वयंचलित पाणतीर, म्हणजे व्हाइटहेडचा टॉर्पेडो, वाहणारी पहिली पाणतीरनौका 'लाइटनिंग' ही होय. थॉर्निक्रॉफ्टनें ती थेम्सकांठीं १८७६ सालीं बांधली. तिचा वेग ताशीं सुमारें १८ सागरी मैल होता. १८७९ सालीं तिच्या नाळेवर पाणतीर सोडण्याची नळी बसविण्यांत आली. पोर्ट्समथ येथें शिक्षण व प्रयोग यांतच तिचें आयुष्य गेलें. युद्ध तिला घडलें नाहीं. मात्र अशा नौकांच्या धास्तीनेंच पुढें 'विनाशिका' जन्मास आल्या. १८९६ सालीं 'लाइटनिंग' मोडीत निघाली. त्याच कारखान्याची, १८७३ सालची नॉर्वेची 'राप' हॉर्टेनच्या संग्रहालयांत अजून आहे. मान दोघींचाही; परंतु पाहावयास एकच उरली. घरांतील जुनी वस्तु मोडीत देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें आठवावें!