प्रेम करा, पण ग्राउंड सोडू नका!

मित्रहो, एक साधा प्रश्न विचारतो. खेळाडूंच्या प्रेमाचे जे सिनेमे आपण होस्टेलवर रात्र रात्र जागून पाहतो, त्यात खेळतं कोण? तो! आणि ती? ती कडेला उभी राहून टाळ्या वाजवते. 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) घ्या. अंजली संजयला शेवटपर्यंत साथ देते, पण शर्यत त्याची आणि कपही त्याचाच.

आता आपल्या मातीतला 'सैराट' घ्या. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि पोरं थिएटरात खुर्च्या सोडून नाचली. सुरुवात कशाने होते? गावाकडच्या क्रिकेट मॅचने. परश्या कॅप्टन. आणि आर्ची? ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहते. म्हणजे अंगातली रग परश्यापेक्षा कांकणभर जास्तच! पण तिच्यासाठी टीम नाही की ग्राउंड नाही. पुढे दोघं हैदराबादला जातात. तो डोशाच्या गाडीवर, ती बाटल्यांच्या कारखान्यात. पोटाची लढाई सुरू झाल्यावर क्रिकेट कधी सुटलं, हे आपल्यालाही कळत नाही. जातीने त्यांचा जीव घेतला, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी त्याचा खेळ गेला होता आणि तिचा तर सुरूच झाला नव्हता. त्यावर कोण बोललं?

'सैराट'च्या सोळा वर्षं आधी, २००० साली, अमेरिकेत 'लव्ह अँड बास्केटबॉल' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शिका जिना प्रिन्स-बाइथवूड. बास्केटबॉलच्या मॅचसारखेच सिनेमाचेही चार क्वार्टर. मोनिका आणि क्विन्सी शेजारी राहतात, लहानपणापासून दोघंही खेळतात, दोघांनाही मोठं खेळाडू व्हायचंय. कॉलेजात असताना एका रात्री क्विन्सी घरच्या भानगडीमुळे पार खचलेला असतो. त्याला वाटतं, मोनिकाने आज थांबावं. पण तिची परत जायची वेळ झालेली असते. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी टीममधली जागा जाणार. ती जाते. तो दुखावतो आणि पुढे दोघं तुटतात.

आता खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने? आमच्या रूमवर यावर एक तास वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, "तिने थांबायला पाहिजे होतं यार." मी म्हटलं, त्याची मॅच असती आणि तो गेला असता, तर? तर आपण म्हणालो असतो, "भाई करिअरबद्दल सिरियस आहे!" इथेच तर गोम आहे. शेवटी मात्र कमाल आहे. मोनिका कोर्टवर खेळतेय आणि क्विन्सी मुलीला घेऊन प्रेक्षकांत बसलाय. तो बसलाय म्हणून कमी झालेला नाही आणि ती खेळतेय म्हणून प्रेम कमी झालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्या पारनेरला तिचं काय? ठीक आहे, पहाटे पारनेर-सुपा रोडला जाऊन बघा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. समजा, त्यातली एक पोरगी एखाद्या पोराबरोबर दोन-चार दिवस पळताना दिसली. गावात कुजबुज सुरू होते. मग पळणं कुणाचं बंद होतं? तिचं! तो दुसऱ्या दिवशीही रोडवर असतो. त्यांच्यात प्रेम असो वा नसो, बिल तिच्याच नावावर फाटतं. घरचे म्हणतात, "बास झालं ते पळणं." आणि खरंच कुणी प्रेमात असेल, तर तोच महाशय म्हणतो, "सगळ्यांसमोर ट्रॅक पँट घालून पळतेस, मला नाही आवडत." घरचे आणि हीरो, दोघांची टीम एकच!

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर आठवते ना? माण काय आणि पारनेर काय, दोन्हीकडे पाऊस रुसलेलाच. पण ती पळत राहिली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलला दहावी आली. अशी एखादी ललिता आपल्या तालुक्यात "बास झालं" या दोन शब्दांवर थांबली असेल, तर तिचं नावसुद्धा आपल्याला कळणार नाही.

होस्टेलच्या नियमांबद्दलही थोडं बोलतो, रेक्टर मॅडमनी राग मानू नये. सुरक्षितता हवीच, त्यात दुमत नाही. पण बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळी मुलींचं गेट बंद होतं, तेव्हा मुलांची प्रॅक्टिस नुकती कुठे रंगात येत असते. रोज एक तास कमी खेळणारी मुलगी झोनलला हरली, की आपणच म्हणतो, "मुलींची टीम वीकच आहे!" ग्राउंडवर दोन दिवे वाढवा, एक मॅडम थांबू द्या, टीममधल्या मुलींना एक तास जास्त द्या. गेटला कुलूप लावून प्रेम थांबलंय, असं निदान मी तरी पाहिलेलं नाही. थांबतो तो खेळ.

आणि मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमची 'ती' खेळत असेल, तर एकदा तिच्या मॅचला जा. कडेला बसा. पाण्याची बाटली सांभाळा. टाळ्या वाजवा. सबमिशन काय, दुसऱ्या दिवशीही करता येतं!